शेपटीचा पुरावा

पील गावातल्या आमच्या मांजर मंडळाला 'ऐल्युरॉलॉजी मंडळ' म्हणायचं, ही वॉरी स्किलिकॉर्नची कल्पना. वय एक्याऐंशी, मंडळाची अध्यक्ष आणि मांजरांच्या प्रदर्शनांची परीक्षक. मांजरांच्या अभ्यासाला असा भारदस्त शब्द आहे हे तिला कुठूनसं कळलं, आणि मग ती ऐकेचना. साधं नावच बरं, असं म्हणणाऱ्या फिन्लो किनविगला तिनं भर सभेत सांगितलं होतं की या नावात खोट निघाली तर माझी खुर्ची तुझी.

दोन वर्षांनी मंडळाच्या नावाची दगडी पाटी झाली. अनावरणाला लिव्हरपूलहून ग्रीकचे एक प्राध्यापक आणले. शब्दाची फोड करून सांगितली की पाहुणचार फिटेल, असं त्यांना वाटलं असावं. 'ऐलुरोस' म्हणजे ग्रीकांचं मांजर, ते म्हणाले. 'ऐओलोस' म्हणजे चपळ, 'ऊरा' म्हणजे शेपटी. जिची शेपटी सारखी हलते ती.

सभागृहात सगळ्यांचे चहाचे कप खाली आले.

आमच्या मॅन बेटावरची मांजरं बिनशेपटीची. शेपटी असते ती त्यांच्या पुढे जीव घेऊन पळणाऱ्या, बिळात शिरणाऱ्या जातीला. तिचं खरं नाव इथं कुणी घेत नाही, अपशकुन होतो, 'लांबशेपट्या' म्हणतात. मीही लिहिणार नाही. म्हणजे एकोणचाळीस सभ्य माणसं दोन वर्षं छातीवर कुणाच्या अभ्यासाचा बिल्ला लावून हिंडत होती? अपशकुन टळावा म्हणून साऱ्यांनी एकदम लाकडाला हात लावला. ज्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या मिळाल्या होत्या त्यांनी शेजाऱ्याची काठी धरली.

फिन्लो तेवढा उठला. "वॉरी, खुर्चीवरची उशी तुझी असेल तर घेऊन जा हं."

वॉरी पाटीपाशी उभी होती. पडद्याची दोरी हातात तशीच. मग तिनं प्राध्यापकांना विचारलं, हे अगदी नक्की का?

माणूस प्रामाणिक निघाला. म्हणाला, तसं नक्की नाही. शेपटी त्या शब्दात मागाहून कुणी चिकटवली असावी, असं म्हणणारे विद्वानही आहेत.

प्रदर्शनात वॉरी मांजराच्या पाठीवरून तळवा खाली नेते; शेवटी शेपटीचं हाड लागलं की मांजर बाद. तसाच तळवा तिनं पडद्याआडच्या पाटीवरून सावकाश, शेवटपर्यंत नेला.

"जन्मतः नाही, फिन्लो," ती म्हणाली. "चिकटवलेली आम्ही धरत नाही. पास."

आणि दोरी ओढली. टाळ्या पडल्या, पण एकाच हातानं, मांडीवर. दुसरा कुणी लाकडावरून काढला नव्हता.