उजव्या पंखाची शेवटची ओळ

हॅरलन क्विस्टने आयुष्यात तीन विमानं बांधायला घेतली आणि तिन्ही विकली. त्यांतलं एकही जमिनीवरून इंचभर उठलं नव्हतं, हा तपशील तो जाहिरातीत घालत नसे. जाहिरातीत तो लिही : 'नव्वद टक्के पूर्ण.' यात लबाडी काही नव्हती. घरी विमानं बांधणाऱ्यांच्या जगात प्रत्येक विमान नव्वद टक्के पूर्णच असतं. उरलेल्या दहा टक्क्यांना माणसाचं उरलेलं आयुष्य लागतं.

तेव्हा अर्धी विमानं सतत हिंडत असतात. एका गॅरेजातून निघून ट्रेलरवर चढतात आणि दुसऱ्या गॅरेजात उतरतात. विकण्याची कारणं तीनच : घटस्फोट, गुडघा किंवा गच्छंती. चौथं विमान हॅरलनला मिळालं ते गच्छंतीतून. गॉर्डन नूटसन नावाचा माणूस मार्चमध्ये आपल्या शेडमध्ये हातात ड्रिल घेऊन बसल्या जागी गेला, आणि ऑक्टोबरात त्याच्या बायकोने किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. मांजराच्या पिल्लांच्या आणि वापरलेल्या बर्फाच्या बुटांच्या मधोमध. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'विमान आहे. पूर्ण नाही.' इतकी प्रामाणिक जाहिरात हॅरलनने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्याला आधी संशय आला.

हॅरलनच्या बायकोचं, लॉर्नाचं, म्हणणं थोडक्यात होतं. अकरा हिवाळे तिची गाडी बाहेर बर्फात गोठत होती, आणि न उडणारी विमानं आत हीटरपाशी ऊब घेत होती. "हे शेवटचं," ती म्हणाली. "मेअखेरच्या सुट्टीच्या आत ते गॅरेजबाहेर गेलं पाहिजे. उडत गेलं तर उत्तम. नाहीतर जाहिरात मी देईन, आणि मी खरं लिहीन."

हॅरलन सहासष्ट वर्षांचा होता. चाळीस वर्षं त्याने शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या, आणि एकही अर्धवट परत दिली नव्हती. स्वतःचं म्हणून हातात घेतलेलं मात्र एकही काम त्याच्या हातून पुरं झालं नव्हतं. गावाबाहेरच्या धावपट्टीवर दर शनिवारी कॉफी प्यायला जमणाऱ्या मंडळींत त्याचं नाव 'नव्वद' पडलं होतं. आता डॉक्टर त्याच्या डाव्या डोळ्याबद्दल पाल्हाळ लावू लागले होते. पाचवं विमान काही होणार नव्हतं, हे लॉर्नाने सांगायची गरज नव्हती.

अर्लीस नूटसन एकोणऐंशी वर्षांची, लहान चणीची, ताठ बाई. तिने हॅरलनला शेड उघडून दिली आणि स्वतः दारातच उभी राहिली. दोन माणसांचं विमान होतं, ॲल्युमिनियमचं. धड तयार, इंजिन पेटीत, डावा पंख पुरा, उजवा जवळजवळ. हॅरलनने डाव्या पंखावरून अंगठा फिरवला. कणसावर दाणे बसावेत तसे पत्रे जोडणारे रिव्हेट ओळीने बसले होते.

"काम सुरेख आहे," तो म्हणाला. "रिव्हेट ठोकायची गन त्यांच्या हातात, हे समजलं. पण आतून ठोकळा कोणी धरला?"

हे विचारणं साहजिक होतं. रिव्हेट ही दोघांची करणी. एकाने बाहेरून गन चालवायची, दुसऱ्याने पंखाच्या आत खांद्यापर्यंत हात घालून रिव्हेटच्या शेपटीला लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि गनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही.

"मी," अर्लीस म्हणाली. "आमची खूण ठरलेली. एकदा टक, म्हणजे मी तयार, सुरू कर. दोनदा, म्हणजे चांगला बसला. तीनदा, म्हणजे बिघडला, ड्रिलने काढ." मग म्हणाली, "तीनदा वाजवलं की तो मुकाट्याने काढायचा. बावन्न वर्षांच्या संसारात तेवढ्या एका जागी त्याने माझं ऐकलं."

सौदा पाच मिनिटांत झाला. निघताना तिने एक ठोकळा त्याच्या हातात दिला. मुठीएवढा, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. "हा त्याच्याबरोबर असू दे," ती म्हणाली. म्हणजे विमानाबरोबर, असं हॅरलनने धरलं.

उजव्या पंखाचा कणा, म्हणजे आतली मुख्य तुळई, भोकं मोठी होऊन वाया गेलेला निघाला, म्हणून हॅरलनने नवा कणा घालून तो पंख पुन्हा जोडायला घेतला. डिसेंबरभर ठोकळा धरायला शेजारचा व्हर्न डोबिश येत होता. व्हर्न एका हाताने ठोकळा धरी आणि उरलेल्या सगळ्या अंगाने गप्पा मारी. चाळीस रिव्हेट वाकडे झाल्यावर त्याने जाहीर केलं की दोष थंडीचा आहे, आणि तो सालाबादप्रमाणे ॲरिझोनाला निघून गेला. "नव्वद, लेका," जाताना म्हणाला, "मी परत येईपर्यंत तू ऐंशीवर आलेला असशील." लॉर्नाने ठोकळा धरायला साफ नकार दिला. ती गाडीवरचा बर्फ खरवडत होती.

जानेवारीतल्या एका दुपारी, बाहेर उणे पंचवीस आणि उन्हाला नुसता रंग, हॅरलन गन नीट चालते का पाहत होता. ठोकळा आदल्या दिवसापासून पंखाच्या आतच पडला होता. गनचं तोंड एका रिव्हेटवर टेकलं होतं, आणि बोट कसं दाबलं गेलं ते त्यालाच कळलं नाही. आतून कोणी धरलेलं नसताना गन चालवली की पत्र्याला खड्डा पडतो. त्याने डोळे मिटून घेतले.

टक टक.

आवाज आतून आला. हॅरलन बराच वेळ तसाच उभा होता. हीटर बंद झाला, परत चालू झाला. मग त्याने आरसा आत घालून पाहिलं. रिव्हेट सुबक बसला होता. त्याखाली ठोकळा पडला होता. त्याने हात घालून तो उचलला. भोवतालचं सगळं धातूकाम बर्फासारखं गार होतं, आणि ठोकळा मात्र कोणीतरी नुकताच हातातून ठेवावा तसा कोमट होता.

एखादा शहाणा माणूस इथे गॅरेजला कुलूप लावून घरात गेला असता. हॅरलनने ठोकळा परत आत ठेवला, पुढच्या भोकात रिव्हेट घातला आणि वाट पाहिली. आतून एकदा टक झालं. तयार.

सहा-सात आठवड्यांत त्याने चार महिन्यांचं काम उरकलं. मदतनीस वेळेवर येई, गप्पा मारत नसे, बिअर मागत नसे. असा मदतनीस कुठून आला ही चौकशी हॅरलनने केली नाही. लॉर्नाला सांगितलं नाही. फक्त काम करताना तो पंखाच्या उघड्या बाजूकडे पाहत नसे. एकदाच चुकून पाहिलं होतं. आत कोणी नव्हतं. पण ठोकळा पत्र्याला टेकून हवेत उभा होता आणि थोडा थरथरत होता, म्हाताऱ्याच्या हातात थरथरावा तसा.

मग शेवटची ओळ आली. सव्वीस रिव्हेट. ते बसले की शेवटचा पत्रा बंद आणि पंख पुरा. पहिला रिव्हेट बसवला आणि आतून आवाज आला.

टक टक टक.

हॅरलनने तो ड्रिलने काढला. दुसरा बसवला. तीनदा. तिसरा. तीनदा. सव्वीसच्या सव्वीस काढावे लागले. आरशात पाहावं तर एकातही खोट नव्हती. पण या मदतनिसाने इतके दिवस एकदाही चुकीचं सांगितलं नव्हतं. हॅरलनने सगळी ओळ दुसऱ्यांदा बसवली, आणि दुसऱ्यांदा काढली.

आता पेच असा की दर वेळी काढताना भोक जरासं मोठं होतं. दोनदा चालतं. तिसऱ्यांदा काढलं की पंखाचा कणाच भंगारात, आणि नवा कणा म्हणजे आणखी एक हिवाळा. तारीख होती सतरा मार्च. न ऐकता रिव्हेट तसेच ठेवावेत, तर खोट असलेल्या पंखावर बसून आभाळात जायचं. ऐकावं, तर लॉर्ना जाहिरातीत खरं लिहिणार.

त्याने गॉर्डनची नोंदवही काढली. हे विमान मी स्वतः बांधलं, असं सरकारी तपासनिसाला दाखवायला प्रत्येक जण अशी वही ठेवतो. शेवटची पानं त्याने आजवर वाचली नव्हती, कारण शेवटची पानं वाचायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. गॉर्डनचं अक्षर बारीक होतं. 'शेवटची ओळ. २६. तीनदा. काढले.' खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच. 'कणा वाया. नवा मागवला.' पुढच्या साली परत तेच. 'दुसरा कणा वाया.' अकरा पानं. शेवटच्या पानावर तारीख होती, आणि 'शेवटची ओळ' एवढंच.

वही काखेत मारून हॅरलन अर्लीसकडे गेला. तिने कॉफी ओतली, रूबार्बच्या आंबट देठांचा केक कापून पुढे ठेवला, वहीकडे पाहिलं आणि स्वतःच्या कपात साखर घालून ढवळत राहिली. सौद्याच्या दिवशी ती बिनसाखरेची प्यायली होती, हे हॅरलनला आठवलं.

"त्या ओळीत काय खोट होती?" त्याने विचारलं.

"काही नव्हती," अर्लीस म्हणाली. "स्वयंपाकघरातला बल्ब बदलताना तो स्टुलावरून दोनदा पडला होता, हॅरलन. दोनदा. तो माणूस आभाळात जाणार होता. नको म्हटलं असतं तर ऐकलं नसतं. म्हणून जिथे ऐकायचा, तिथे सांगितलं."

"तीन वर्षं?"

"चार. एकदाही त्याने का म्हणून विचारलं नाही. काढायचा, परत बसवायचा. त्या दिवशी मी तीनदा वाजवलं, आणि ड्रिलचा आवाज आला नाही." तिने कप खाली ठेवला. "तू हे का विचारतोस?"

हॅरलनने वही मिटून परत काखेत मारली. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि उठून कोट घातला.

गॅरेजात तिने कोट दाराच्या खुंटीला अडकवला आणि पंखाच्या पत्र्यावर तळहात ठेवला. हॅरलनने पहिल्या भोकात रिव्हेट घातला. हे तिसरं बसवणं. आतून एकदा टक झालं. अर्लीस दचकली नाही, फक्त तिच्या हाताची बोटं पत्र्यावर पसरली. गन वाजली.

टक टक टक.

"गॉर्डन," अर्लीस म्हणाली. आवाज वर केला नाही, जेवायला हाक मारावी तसं म्हणाली. "तो चांगला बसलाय."

आत काहीतरी पत्र्यावरून सरकलं.

"तेव्हाचेही चांगले होते. सगळे. पहिल्या दिवसापासून. मी खोटं वाजवत होते."

हीटर बंद झाला. हॅरलनला स्वतःच्या तोंडची वाफ दिसू लागली. गॅरेजात इतकी थंडी आजवर कधी पडली नव्हती. पंखाच्या आत ठोकळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू घासत गेला, परत आला, परत गेला. बंद खोलीत माणूस येरझाऱ्या घालतो तसा. हे किती वेळ चाललं, हे पुढे हॅरलनला सांगता येईना. अर्लीसने हात उचलला नाही.

शेवटी आवाज थांबला. आतून, तिच्या तळहाताच्या बरोबर खाली, दोनदा टकटक झाली.

उरलेले पंचवीस रिव्हेट एका तासात बसले. प्रत्येकाला दोन. शेवटच्याला मात्र काहीच नाही. हॅरलनने फटीतून आरसा घालून पाहिलं. पंख रिकामा होता, ठोकळाही नव्हता. अर्लीसने खुंटीवरचा कोट घेतला, हातमोजे काढायला खिशात हात घातला आणि तिथेच थांबली. खिसा जड होऊन लोंबत होता. तिने हात बाहेर काढला नाही. "मला घरी सोड," ती म्हणाली, आणि वाटेत एक हात खिशातच ठेवून बसली.

दोन महिन्यांत इंजिन आणि पंख जोडून झाले, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात तपासनिसाने सही केली. धावपट्टीवर मंडळी जमली. व्हर्न ॲरिझोनाहून तपकिरी होऊन परतला होता. "नव्वद, पत्रे गोंदाने चिकटवलेस की काय? धरलं कोणी?" असं त्याने तीनदा विचारलं. हॅरलन म्हणाला, मिळाला एक माणूस. मग तो उडाला. वीस मिनिटं वर होता आणि सगळा वेळ कान उजव्या पंखाकडे लावून होता. वाऱ्याशिवाय काही नव्हतं. त्याला हायसं वाटायला हवं होतं. घरी लॉर्नाने गाडी गॅरेजात घातली, दार लावलं, उघडून पाहिलं, परत लावलं.

ऑगस्टमध्ये बातमी आली ती व्हर्नकडूनच. अर्लीस नूटसनने विमान विकत घेतलं होतं. दक्षिणेकडच्या कुठल्याशा घटस्फोटातून. शेपटी, एक पंख आणि सात खोकी. एकोणऐंशीची बाई. व्हर्नला हसू आवरेना. त्याने तिला रस्त्यात गाठून विचारलंही होतं, आजी, तुमचा ठोकळा धरणार कोण? आणि ती म्हणाली होती, "धरायला माणूस आहे. या वेळी गन मी चालवणार."

"म्हातारी भ्रमलीय रे," व्हर्न म्हणाला.

पुढच्या मंगळवारी, रूबार्ब देण्याच्या निमित्ताने, तो तिच्या घरावरून गेला. भर दुपार होती. शेडचं दार अर्धं उघडं होतं. आतून गनचा आवाज आला, नवशिक्याचा, जरा लांबलेला. मग थांबला.

हॅरलनने जागच्या जागी टकटक मोजली. एक. दोन. तीन.

मग ड्रिल सुरू झालं.