पहिलं नाव तेवढं ठेवा

"म्हणजे दुसऱ्या लेखकाचं नाव काढून टाकायचं?" तिनं विचारलं.

"हो. साइटवर एका पुस्तकाला एकच लेखक, पहिला," साहेब म्हणाले. "अहो, नियम सोपे करा म्हणून तुम्हीच तर माझं डोकं खाल्लं होतं!"

खोटं नव्हतं. ग्रंथालयाच्या साइटवर पुस्तकांच्या नोंदी भरता भरता तिचे केस पिकले होते. लेखक दोन असले तर असं लिहा, तीन असले तर तसं, संपादक वेगळा, अनुवादक वेगळा. नियमांचं हे एवढं बाड. शेवटी तिनंच मीटिंगमध्ये उभं राहून ठणकावलं, हे सोपं करा, नाहीतर दुसरं माणूस बघा. झालं सोपं. घ्या आता!

तिच्या नवऱ्यानं उभ्या आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, जमिनीखालच्या पाण्यावर. मित्रानं फक्त आकृत्या काढल्या. पण छापायच्या वेळी हा म्हणाला, "तो वयानं मोठा. त्याचं नाव आधी जाऊ दे. माझं काय, वर असलं काय नि खाली असलं काय!" तेव्हा तिला केवढं कौतुक वाटलं होतं त्याचं! आज तो असता, तर दंड धरून गदागदा हलवला असता. पण त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

"साहेब, एवढी एक नोंद राहू द्या ना."

"एक ठेवली की सगळेच येतील, बाई." साहेब वाईट नव्हते. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला.

ते नाव तिनं स्वतःच काढलं. दुसऱ्या कुणी काढलेलं तिला सोसलं नसतं.

घरी सासूबाई वाट बघत होत्या. डोळे अधू झालेले, अक्षर लागत नव्हतं, उजेड तेवढा कळायचा. तरी रोज संध्याकाळी हट्ट ठरलेला, "दाखव गं माझ्या लेकाचं नाव."

तिनं फोनवर ते पान उघडून समोर धरलं. सासूबाईंचं बोट सवयीनं मित्राच्या नावाखाली सरकलं आणि कोऱ्या जागेवर येऊन थांबलं.

"इथंच ना गं?"

"हो, आई. इथंच."

"हळूच टेकवते हं," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर पुसलं-बिसलं जायचं."