राजने केलेला रॅम्प

माझ्या पोटात दुखलं, हे आधीच सांगून टाकतो. रविवारी अकराच्या सुमाराला घरच्या ग्रुपवर फोटो आला. माझा धाकटा भाऊ राज, गुडघ्यापर्यंत सिमेंटने माखलेला, हातात फावडं, आणि मागे त्याच्या इंदिरानगरच्या रो-हाउसच्या दारात ओला, चकाचक रॅम्प. खाली लिहिलं होतं, ‘आईसाठी. एकट्याने.’ दहा मिनिटांत तेवीस अंगठे. नामपूरच्या मामांनी टाळ्या पाठवल्या, त्याही दोनदा.

मी मिस्त्री आहे. बावीस वर्षं हेच करतोय. गंगापूर रोडच्या कितीतरी इमारतींचे स्लॅब माझ्या डोळ्यांसमोर ओतले गेले, आणि त्यातल्या एकाही स्लॅबवर उभं करून कुणी माझा फोटो काढलेला नाही. राज एका कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो. त्याने चार घमेली माल काय कालवला, सगळं खानदान गहिवरलं.

पण खरं दुखणं वेगळं होतं. हा रॅम्प मी करणार होतो. आई राजकडे राहते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती वॉकर घेऊन चालते, आणि दारातल्या दोन पायऱ्यांमुळे सहा महिने घराबाहेर पडली नव्हती. “पुढच्या रविवारी नक्की करतो,” असं मी तिला इतक्यांदा म्हटलं होतं की शेवटी तिने विचारणंच सोडलं. लोकांच्या कामातून मला सवड नव्हती. आणि राजने मला एका शब्दाने विचारलं नाही. यूट्यूबला विचारलं.

आईने जेवायला बोलावलं म्हणून साडेबाराला गेलो. गेलो म्हणजे खरं तर चूक शोधायला गेलो. शेजारचे चिमाजीकाका फाटकाशीच उभे होते. “बघ संतोष, मिस्त्री लागलाच नाही,” असं म्हणून ते मनापासून हसले. मीही हसलो. दात तेवढे दिसले असतील.

राज सांगत सुटला. काल विटांचे तुकडे ठोकून भराव केला, आज पहाटे सहाला पत्र्यावर माल कालवायला घेतला, एकाला दोन वाळू, चार खडी, पाणी बेताचं, वैष्णवीला हातसुद्धा लावू दिला नाही. वैष्णवी म्हणजे त्याची बायको. ती कौतुकाने त्याच्या तळहाताचे फोड दाखवत होती. माझ्या हातांना घट्टे आहेत, ते कुणाला दाखवायचे?

मी वाकून बघितलं. उतार बरोबर होता. फळ्या सरळ लावलेल्या. कडा कुठे तुटलेली नाही. मला अगदी वाईट वाटलं.

आणि मग ती चमक नीट दिसली. राजने वरून कोरडं सिमेंट भुरभुरून थापीने तासभर घोटलं होतं. रॅम्प काचेसारखा गुळगुळीत झाला होता, आणि नेमकं त्याचंच सगळे कौतुक करत होते. उतार कधी असा घोटत नाहीत. माल ओला असतानाच त्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढायच्या असतात, म्हणजे पाय धरतो. असल्या गुळगुळीत उतारावर नुसतं पाणी सांडलं तरी धडधाकट माणूस घसरतो. इथून तर वॉकर घेऊन आई उतरणार होती.

कडेला बोट दाबून पाहिलं. अर्धं पेर आत गेलं. एप्रिलचं ऊन होतं, म्हणजे फार तर तासभर हातात होता. त्यानंतर रेघ उठली नसती.

मी बोट पुसलं, मागच्या दाराने आत गेलो आणि हात धुऊन जेवायला बसलो.

काय ठरवलं होतं तेही सांगतो. उद्या माल दगड झाला की यायचं, चिमाजीकाकांसमोर एक बादली पाणी ओतायचं आणि राजला म्हणायचं, चालून दाखव. मग छिन्नी-हातोडा घ्यायचा, सगळं फोडायचं आणि माझ्या हाताने नवा रॅम्प करायचा. फोटो काढायचा तर तेव्हा काढा. उद्या सकाळी मी पोचायच्या आत आईच दाराबाहेर पाऊल टाकेल, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. तरी मी आमटी ओरपत राहिलो. वैष्णवी भात वाढत होती, राज तिसऱ्यांदा वाळू चाळल्याचं सांगत होता, आणि माझं लक्ष दाराबाहेरच्या उन्हाकडे होतं. आई समोर बसून जेवत होती.

हात धुतल्यावर राज अंघोळीला गेला, वैष्णवी भांडी घेऊन आत गेली. आई मला म्हणाली, “मला दारापर्यंत ने.”

वॉकर टेकवत ती उंबऱ्याशी आली. खाली वाकून बघणं तिला जमत नाही. तिने नुसतं उभ्याने बघितलं. आमचे वडील, कारभारी मिस्त्री, नामपूरहून नाशकात आले तेव्हापासून बारा वर्षं ती त्यांच्या हाताखाली घमेली वाहत होती, हे आमच्या घरात कुणी फारसं बोलत नाही. मीही विसरलो होतो.

“खराटा आण,” ती म्हणाली.

मी हललो नाही.

“तुला दिसलं होतं. जेवताना तीनदा दाराकडं पाहिलं तू.” आवाज चढलेला नव्हता. “तुझा बाप परक्याच्या साइटवर बी थांबून सांगायचा. तू बोलला का नाय?”

मला राजचा, त्याच्या कौतुकाचा हेवा वाटत होता, आणि त्यापायी मी आईलाच पाडायला निघालो होतो. मान खाली घालून मी मागच्या अंगणातून खराटा आणला. माल घट्ट होत आला होता. जोर लावावा लागला, पण रेघ उठत होती. कडेला उभा राहून मी वरून सुरुवात केली आणि एकेक आडवी रेघ ओढत खाली आलो. चमक पार गेली.

राज ओल्या केसांनी बाहेर आला. “दादा, हे काय? घोटायला तास लागला मला.”

“मी सांगितलं त्याला,” आई म्हणाली. “गुळगुळीत उतारावर माझा पाय ठरायचा नाय. तुझं काम लय चांगलं हाय. रेघा तेवढ्या राहिल्या होत्या.”

राजने कपाळावर हात मारला. “व्हिडिओत हे नव्हतंच. बरं झालं तुला सुचलं.” मग त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या मनात काही नव्हतं, साधंच विचारलं, “दादा, तुझ्या कसं लक्षात आलं नाही?”

खराटा माझ्या हातात होता. मी तोंड उघडलं.

“तो उन्हातून आलेला, भुकेला,” आई म्हणाली. “त्याचं कुठं ध्यान होतं.”

आठवडाभर राजने सकाळ-संध्याकाळ रॅम्पवर पाणी मारलं. पुढच्या रविवारी आई वॉकर टेकवत उतरली, फाटकापर्यंत गेली, कोपऱ्यावरच्या भागीबाईकडे चहा पिऊन आली. आता रोज जाते. भेटेल त्याला थांबवून सांगते, “माझ्या राजने केला. एकट्याने.”

मी बरोबर असलो तरी सांगते. ऐकलं की अजून पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू? पण तिने सांगायला सुरुवात केली की मी जागच्या जागी थिजतो, पुढचंही सांगेल म्हणून. ती दर वेळी तिथेच थांबते आणि चालण्यासाठी माझा हात मागते.