छायाच्या खुर्चीची दुसरी पट्टी

छायाने, माझ्या बायकोने, माझ्याशी बोलणं सोडलं त्याला आज एकविसावा दिवस. चूक माझी होती, हे मी आठव्या दिवशी मनात कबूल केलं. तोंडाने करायचं राहिलं. गच्ची आवरताना तिच्या आईची झुलती खुर्ची मी न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकली. शोधत गेलो तर म्हणाला, फोडून सरपणात गेली.

म्हणून नवी करायला घेतली. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं लोखंड वाकवलं, लाकडाचं काय घेऊन बसलात, असा माझा तोरा. बैठक झाली, पाठ झाली. अडलं ते खालच्या दोन बाकदार पट्ट्यांवर. दोन्ही हुबेहूब हव्यात, नाहीतर खुर्ची एका अंगाला कलते.

कुकरला नळी जोडून बाभळीच्या पट्टीला वाफ दिली. कडाड मोडली. ओलं फडकं गुंडाळून इस्त्री फिरवली. तीही मोडली. सिन्नरच्या कारभारी मिस्त्रींना फोन केला.

"उकिरड्यात पुरून ठेवा भाऊ," ते म्हणाले. "आत लय ऊब राहती."

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. उकिरडा कुठून आणू?

शेवटी वॉशिंग मशीनशेजारी एक पाइप बूच मारून, पाण्याने भरून उभा केला आणि त्यात पट्टी सोडली. तीन दिवसांनी वाफेवर धरली, तर साच्यावर इतकी गुमान बसली की मीच चक्रावलो. कारभारींना लगेच कळवलं, "हात बसला आता."

मग तोच पाइप, नवं पाणी, त्याच फळीची पट्टी, तेच तीन दिवस. आज सकाळी ती मोडली.

माझं डोकं चालेना. मोडलेला तुकडा आणि वाकलेली पट्टी शेजारी ठेवून ठोकून पाहिली, मग हुंगली. तुकड्याला बाभळीचा वास, पट्टीला मोगऱ्याचा. आता नाकही गेलं, असं वाटलं. हात पुसायला टॉवेल घेतला, तर त्यालाही मोगरा. कपडे मऊ व्हावेत म्हणून छाया मशीनमध्ये ओतते त्या निळ्या औषधाचा.

पण ते चुकून सांडलं की तिने ओतलं? ओतलं तर एकदाच का? काहीच उलगडेना. विचारायचं म्हणजे बोलायचं, आणि बोलायचं म्हणजे खुर्चीपासूनच.

"छाया, खुर्ची न विचारता दिली, चुकलंच माझं," मी म्हणालो. "त्या पाइपमध्ये तू काही ओतलंस का?"

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चार झाकणं. त्याने लाकूड मऊ पडतं, मोबाईलवर बघितलं. रोजची कडाकड ऐकवेना."

"मग दुसऱ्या वेळी?"

"तुम्ही कारभारींना सांगितलंत, हात बसला. म्हटलं, बसू दे."

"आता ओतशील? अगदी पहिलीसारखी व्हायला हवी."

"नको." तिने जुडी खाली ठेवली. "आईची डावीकडे कलायची. लहानपणी मी त्या बाजूला तिला चिकटून बसायचे, तिकडची पट्टी झिजली होती. सारख्या करू नका."

इतके दिवस मी सारखेपणासाठी जीव काढत होतो. "किती कलायची?" विचारत टेप शोधू लागलो.

"टेप कशाला?" तिने करंगळी आडवी धरली. "एवढी."

मी ती करंगळी धरून बराच वेळ माप घेत राहिलो.