आम्हाला शिव्या द्यायला देवपूर हवं

मित्रांनो, मला हात लावता येत नाही, माझ्यावर धूळ बसत नाही, तरीही मी जुना आहे. मी एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. माझं नाव ‘एरंडोलची आखाजी’. वय वर्षे नऊ. माणसाच्या नऊ वर्षांत पोर तिसरी-चौथीत जातं. ग्रुपच्या नऊ वर्षांत त्याचं म्हातारपण येतं.

माझा जन्म हेमलताताईंच्या फोनमध्ये झाला. ताई एरंडोलला शाळेत शिकवतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात, गौराई बसवतात, लिंबाला झोके बांधतात. पण सुरत-पुण्याला दिलेल्या लेकींना दरवर्षी कुठली सुट्टी? ताईंनी ठरवलं, माहेर फोनमध्ये पाठवायचं. त्यांनी मला तयार केलं आणि पहिल्याच दिवशी दोनशे बारा जणींना न विचारता माझ्यात घातलं. त्या काळी अशी रीत होती.

माझे ते भरभराटीचे दिवस! झोक्यांचे फोटो, सांजोऱ्यांचे फोटो, बिघडलेल्या सांजोऱ्यांचे जास्त फोटो. आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे भागाबाई अक्कांचा आवाज. अक्कांचं वय ब्याऐंशी. लेक दिपमाला हिने त्यांना फोन दिला आणि माईकचं बटण अंगठ्याने दाबून धरायला शिकवलं. अक्का ते असं दाबत, की जणू सोडलं तर पळून जाईल.

अक्कांची खासियत म्हणजे बारची गाणी. ‘बार’ तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. आखाजीला दोन गावांच्या बायका नदीच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. मनात राग नसतो. वर्षभर गिळलेलं त्या दिवशी बाहेर काढायची परवानगी असते, एवढंच. घरी जाताना सगळ्या हलक्या झालेल्या असतात.

माझ्या जन्मानंतर दोन वर्षांनी धुळ्यात, पांझरा नदीपलीकडच्या देवपुरात, ‘देवपूर आखाजी मंडळ’ नावाचा दुसरा ग्रुप निघाला. लीलाधरभाऊ त्याचे अॅडमिन. कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या पत्नी लताबाई गात आणि भाऊ टाईप करत. आता दिपमालाचं माहेर एरंडोल, सासर देवपूर, राहायला सुरत. ती दोन्हीकडे सदस्य. मग काय, नदीची गरजच उरली नाही. अक्कांनी माझ्यात गायचं, दिपमालाने ते तिकडे टाकायचं, लताबाईंचं उत्तर इकडे आणायचं.

अक्कांनी गायलं होतं, देवपूरच्या व्याह्याने आमच्या मांडवात सतरा पुरणपोळ्या खाल्ल्या आणि अठरावी टोपीखाली घालून नेली. अर्ध्या तासात लताबाईंचं उत्तर आलं: एरंडोलच्या विहिणीची पोळीच एवढी पातळ, की टोपी काढली तरी व्याह्याला ती सापडली नाही. बाकीची गाणी मी इथे सांगत नाही. लहान मुलं वाचत असतील.

पण दिवस फिरले. नातेवाईकांच्या ग्रुपांचे ग्रुप निघाले. माझ्यात सकाळी गुलाबाची फुलं येऊ लागली, दुपारी मुतखड्यावरचे उपाय. बायका मुकाट्याने मला सोडून गेल्या. कोणी गेलं की माझ्या अंगावर तशी एक ओळ उमटते. ती वाचून निरोप द्यायलाही कोणी नसे. दोनशे बाराचे सदतीस झाले. त्यांतल्या अकरा जणी मला उघडत, आणि दोघी चुकून.

देवपूरचीही तीच गत. तिकडे चव्वेचाळीस उरले.

हेमलताताईंना एकाच गोष्टीचा घोर होता. अक्का म्हणत, त्यांना बारची चाळीसेक गाणी येतात. ताईंकडे जपलेली होती नऊच. दोन वर्षांची गाणी फोन बिघडला त्यात गेली. उरलेली अक्कांच्या गळ्यात, आणि अक्कांना हल्ली जिना चढताना दोनदा थांबावं लागे.

अशात गुढीपाडव्याला लीलाधरभाऊंचा फोन आला.

“ताई, दोन अर्धे ग्रुप कशाला चालवायचे? एक पूर्ण करू. माझा पुतण्या ललित कॉम्प्युटर शिकवतो. गाणी तो नीट जपून ठेवील. पण त्यासाठी एकत्र यायला हवं.”

“नाव कोणाचं राहील, भाऊ?”

“दोघांचंही नाही. म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको.”

ताई दमल्या होत्या. आणि गाणी जपली जाणार होती. त्या हो म्हणाल्या.

नव्या ग्रुपचं नाव ‘समस्त खान्देश आखाजी स्नेहवर्धक महापरिवार’. फोनच्या पडद्यावर ते ‘समस्त खान्देश आखा’ एवढंच दिसे. मला बंद करण्यात आलं. म्हणजे पुसलं नाही. फक्त अॅडमिनच लिहू शकेल असं केलं, आणि अॅडमिन लिहायची थांबली. पण मी होतो त्याच फोनमध्ये, नव्या ग्रुपच्या खालीच. सगळं ऐकू येत होतं.

ऐकायला फार काही नव्हतं. भाऊंनी अकरा नियम टाकले. त्यावर ऐंशी जणांनी हात जोडले. मग एरंडोलच्या बायका म्हणाल्या, आधी देवपूरकरांनी गावं, ते पाहुणे. देवपूरच्या म्हणाल्या, छे, पाहुणे तुम्ही, आधी तुम्ही. आमच्याकडे पाहुण्याच्या आधी ताटावर बसत नाहीत. इथे ऐंशी पाहुणे आणि यजमान एकही नाही. महिनाभर सगळे ताटाभोवती उभे. दिपमालाचं तर कामच गेलं. ती आता फक्त ‘छान’ लिहायची.

आखाजी उजाडली. भाऊंनी सकाळीच लिहिलं, ‘आदरणीय भागाबाई अक्का आता बारची गीते सादर करतील. सर्वांनी शांतता राखावी.’ ग्रुपमध्ये आधीच एवढी शांतता होती, की आणखी कुठून आणायची हा प्रश्न होता.

अकरा वाजले. बारा वाजले. अक्का गप्प. ताई उन्हातच त्यांच्या घरी गेल्या. मी अर्थातच बरोबर, पर्समध्ये.

“अक्का, बरं नाही का?”

“माले काय धाड भरनी? बरी शे मी.”

“मग गात का नाही? सगळे वाट बघतायत.”

“कोणले शिव्या देऊ, हेमा? अठे ते बठ्ठा आपलाच शेतस. नदीना ह्या काठले बी आपण, त्या काठले बी आपण. आपलाच घरमा बार खेळतस का कोणी? त्याले भांडण म्हणतस!”

“अहो, मग नुसतं माझ्यासमोर गा. मी भरून घेते.”

अक्कांनी डोळे मिटून पाहिलं. दोन शब्द पुटपुटल्या आणि थांबल्या. “नही येत. समोरून कोणी डिवचं, मंग ते आठवस. त्या लताबाईनं तोंड उघडाले पाहिजे.”

ताई खाली ओट्यावर बसल्या. एकतीस गाणी समोर बसली होती, आणि त्यांना बाहेर काढणारी बाई ताईंनी स्वतःच आपल्या बाजूला आणून बसवली होती. त्यांनी तिथूनच फोन लावला.

“भाऊ, मोडा हा महापरिवार.”

“काय झालं? नियम जास्त झाले का? दोन कमी करतो.”

“नियमांचं नाही हो. मला तुम्ही शेजारी नकोत, समोर हवेत. तुमची गाणी, आमची गाणी ललितकडेच राहू द्या. जपणं एकत्र करू. पण आम्हाला शिव्या द्यायला देवपूर हवं.”

पलीकडे बांगड्या वाजल्या. मग लताबाईंचा आवाज आला: “द्या इकडे तो फोन. हेमलताताई, महिनाभर माझी जीभ गंजली हो! हे मला बोलूच देत नव्हते. म्हणे, पाहुण्या आहेत.”

“आणि ललितचं काय?” भाऊंनी मागून विचारलं.

ललितला विचारलं. तो म्हणाला, त्याला दोन फोल्डर काय, दहा चालतील. एकत्र यायलाच हवं असं त्याने कधी म्हटलंच नव्हतं. हे त्याला आधी कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

दुपारी एकला माझं कुलूप निघालं. सदतीस जणी परत माझ्यात. अक्कांनी अंगठा रोवला. पहिलंच गाणं त्याच क्षणी जमवलेलं होतं: देवपूरचा लीलाधर नियम लिहायला बसला, घरातला कागद संपला, मग लताबाईचं लुगडं फेडलं आणि काठापासून काठापर्यंत लिहून काढलं.

दिपमालाने ते सुरतेहून पलीकडे टाकलं. दहा मिनिटांत लताबाई कडाडल्या: आमच्याला लिहिता तरी येतं, एरंडोलचा गडी अंगठा उठवायला गेला आणि शाई समजून रश्शात बोट बुडवून आला!

मग काही थांबेना. डिवचलं की अक्कांना एक आठवे, उत्तर आलं की दुसरं. दिवे लागायच्या आत तेवीस गाणी ललितकडे पोचली. शेवटच्यानंतर अक्कांनी पाणी मागितलं आणि म्हणाल्या, “बाकीनं पुढला साल. ती लताबाईले सांग, मरू नको तवलोंग.”

मित्रांनो, आता माझी तुम्हाला एक विनंती आहे. आम्हा लहान होत चाललेल्या ग्रुपांची कीव करू नका, आणि घाईने आमचं एकमेकांशी लग्नही लावू नका. आमचं कोठार एक करा, दारं दोन ठेवा. आणि ज्याच्याशी तुमचं गोडीने भांडण चालतं, त्याची तब्येत अधूनमधून विचारत जा. आपलं माणूस रुसून गेलं तर चार जण समजावतात. समोरचं गेलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

परवा देवपूरचे चव्वेचाळीसचे त्रेचाळीस झाले. दिपमालाने कळवलं. ताईंनी पोळी तव्यावर तशीच ठेवून लीलाधरभाऊंना फोन लावला.

“भाऊ, तुमच्यातलं कोण गेलं? नंबर द्या. मी जाऊन समजूत काढते.”