टेबलाची पलीकडची बाजू

बहुतेक जुने पाहुणे निघून गेलेले आणि नवे अजून घाटातल्या बसमध्येच, अशा दुपारच्या वेळी जपानमधल्या नारुकोतली ओनोया सराई छान डुलकी काढायची. आजही खालच्या गरम झऱ्याच्या कुंडातली वाफ जिन्याने वर येत होती, आणि तिच्यासोबत गंधकाचा वास. जिन्याखालच्या खोलीत व्हिडिओ गेमची दोन जुनी यंत्रं त्या वाफेत मंद उजळून बसली होती. एक बुटकं टेबल, ज्याच्या काचेखालीच पडदा. दुसरं उभं, मारामारीच्या खेळाचं. उद्या ट्रक येणार होता. दोहोंपैकी एकच राहील, दुसऱ्याच्या जागी मसाजची खुर्ची येईल, एवढी सवलत आता सराई चालवणाऱ्या मित्सुकीने वडिलांना दिली होती.

वडिलांनी, म्हणजे शिगेओंनी, त्यावर नुसतं "बरं" म्हटलं आणि मग आठवडाभर चकार शब्द काढला नाही. फुगून बसायची कला त्या घरात वडिलोपार्जित होती, त्यामुळे मित्सुकीही बोलत नव्हती. पण समोर बसलेला बाप आपल्याकडे न बघता मुळ्याचं लोणचं चावत राहतो, हे तिला आतून फार लागत होतं.

शेवटी तिने निवाडा दरवर्षी येणाऱ्या दोघा दोस्तांवर सोपवला. साठीचे कुरामोची आणि पंचेचाळिशीचा नोनाका कुंडातून लालबुंद होऊन निघाले होते. सुती युकाता झगे गुंडाळून, थंड दुधाच्या बाटल्या हातात घेऊन ते टेबलाशी टेकले.

"सुवर्णकाळ एकच!" कुरामोचींनी काचेवर टिचकी मारली. "कॉफीच्या दुकानात जाऊन कॉफी मागवायची, या काचेवर ठेवायची आणि विसरून जायची. मान खाली, आकाशही खाली. परग्रहवाले थेट मांडीवर उतरायचे."

"आणि ऑफिसात कामं कोण करायचं?" नोनाका म्हणाला. "अहो, ती नुसती पेंग होती. खेळ आमच्या काळातला! यंत्राला पाठ लावून यंत्र, पलीकडे कोण बसलंय ते दिसायचंच नाही. हरलं की वळसा घालून त्या मेल्याचं तोंड बघायला जायचं. एकदा गेलो, तर आमच्या गणिताच्या बाई!"

"मग? काय केलंस?"

"काय करणार, वाकून नमस्कार केला."

मित्सुकीला हसू फुटलं. शिगेओ कोपऱ्यात फडकं घेऊन, आधीच लखलखीत असलेलं उभं यंत्र पुसत होते.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

"पाहुणे ठरवतील."

"चल पोरी, एक डाव होऊन जाऊ दे," कुरामोची म्हणाले. मित्सुकी त्यांच्या समोर बसली. त्यांचा डाव संपला, तिचा आला. पण चित्र तिला उलटंच दिसत राहिलं, आणि तिच्या बाजूचा दांडा हलवला तरी विमान जागचं हलेना.

"ही बाजू माझ्या लहानपणापासून बिघडलेली आहे, काका. हे ठेवून काय उपयोग? उभंच राहू दे."

"बिघडलेली? यातलं चित्र दुसऱ्याच्या पाळीला त्याच्याकडे तोंड करतं! मी दहा वर्षं कॉफीचं दुकान चालवलंय, मला नको सांगूस. शिगेओसाहेब, जरा किल्ली द्या."

"राहू द्या," शिगेओ एकदम बोलले. "उभंच ठेवा. टेबल जाऊ दे."

आठवडाभरातलं त्यांचं सर्वांत लांब बोलणं ते. मित्सुकी बघतच राहिली. मग उठून तिनेच खिळ्यावरची किल्ली काढली.

कुरामोचींनी झाकण उचललं, चष्मा कपाळावर सरकवला, आत बोट घातलं. "बिघडलंय कुठे? हे बटण कुणीतरी मुद्दाम फिरवलंय." खट् असा आवाज झाला. यंत्र मिटलं, पुन्हा उजळलं, आणि मित्सुकीच्या पाळीला सगळं आकाश सावकाश तिच्याकडे वळलं.

तिला तेव्हाच आठवलं. आई गेली त्या वर्षीची हीच वेळ, हीच वाफ. स्टुलावरून जमिनीला न टेकणारे तिचे पाय. बाबा, मला उलटं दिसतंय. बिघडलंय गं, इकडे ये. मग टेबलाला वळसा घालून बाबांच्या अरुंद स्टुलावर अर्धं बूड टेकायचं. बाबांच्या बाहीला साबणाचा वास, आणि एका दांड्यावर दोघांचे हात.

"खोटं बोललात तुम्ही."

शिगेओंनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "समोर बसलीस की तू लांब वाटायचीस," ते म्हणाले. "आणि मला दिवसभरात तेवढाच वेळ मिळायचा."

नोनाकाने बाटली तोंडाला लावली खरी, पण घोट घेतला नाही. मित्सुकीने दोन्ही तळव्यांनी डोळे पुसले.

"कुरामोचीकाका, ते होतं तसं बिघडवून ठेवा."

"अगं, पण आत्ता कुठे नीट झालंय!"

"बिघडवा म्हणते ना. बाबा, तुम्ही बसा इथे."

शिगेओ बसले. ती टेबलाला वळसा घालून आली.

"सरका जरा."

ते सरकले. स्टूल आता दोघांना अजिबात पुरत नव्हतं.