माझ्यातला न सापडलेला दोष

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि माझ्यात कसलाही बिघाड नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या इमारतीत कोणालाही विचारलेत तर उलटेच ऐकाल.

माझी भिंगे घासणारा कारागीर मोठा चिडका होता. केसभर चूक दिसली की भिंग पुन्हा घासायला घ्यायचा. त्याच्यामुळे जे आहे तेच दाखवायची खोड मला लागली. प्रयोगशाळेत आलो तेव्हा माझे कोण कौतुक! विभागप्रमुख सर तेव्हा तरुण होते, माझ्यावरचे कापड कोणाला काढू देत नसत. पुढे त्यांचे पुस्तक गाजले आणि त्यांचे माझ्याकडे येणे थांबले.

मग एक संशोधक मुलगी माझ्यापाशी बसू लागली. तिच्या पदवीचे शेवटचे वर्ष होते. जिवंत पेशीत गुणसूत्र कसे हलते, हे तिला मोजायचे होते. तिने गुणसूत्रावर एका जागी चमकणारा ठिपका बसवला होता. तो किती सरकतो, ते मी दर सेकंदाला टिपायचो.

सरांच्या पुस्तकात लिहिले होते, की हा ठिपका पाण्यातल्या कणासारखा भरकटतो. म्हणजे दुप्पट लांब जायला चौपट वेळ. आमच्या ठिपक्याला मात्र सोळापट लागायचा. लागणारच हो! गुणसूत्र म्हणजे लांबलचक साखळी. एक कडी पुढे सरकली की शेजारच्या कड्या तिला मागे खेचतात. बिचारा ठिपका जरा पुढे जातो न जातो तोच माघारी फिरतो.

सरांनी आलेख पाहिला. “या मेलेल्या पेशी आहेत. काढून टाक.”

“पण सर, त्या...”

“पुस्तकातल्यासारखी रेष आली की मला दाखव.”

मुलगी हट्टी होती. तिने कॅमेरा चालूच ठेवला. तासाभराने त्याच पेशी माझ्या डोळ्यांदेखत दुभंगल्या, एकेकीच्या दोन झाल्या. मेलेली पेशी कधी दोन होते का? ती खुर्चीतून उडालीच. “शहाणा रे माझा तो!” असे म्हणून तिने माझ्या पाठीवर थाप मारली. इतके गोड माझ्याशी कोणीच बोलले नव्हते.

सरांनी ते चित्रण पाहिले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “मग हे यंत्रच हलतंय. म्हातारं झालंय.”

दुरुस्तीवाले काका आले. दिवसभर मला तपासून म्हणाले, “ठणठणीत आहे, साहेब. आणि यंत्र हललं असतं, तर ठिपका जास्त पळालेला दिसला असता. कमी कसा दिसेल?” त्यांचा अहवाल सरांनी खणात टाकला. मग मुलीला शांतपणे विचारले, “पदवी हवी आहे ना?”

दुसऱ्या दिवशी ती सुजलेल्या डोळ्यांनी आली. एकेक पेशी काढून टाकत गेली. अडीचशेतल्या अकरा उरल्या. त्यांची रेष अगदी पुस्तकातल्यासारखी आली. बाकीच्या का गाळल्या, याचे कारण प्रबंधात द्यावे लागणार होते. तिने लिहिले, ‘उपकरण सदोष’. तेच दोन शब्द कागदावर लिहून तिने माझ्या कपाळावर चिकटवले. माझ्याकडे बघायचे मात्र तिने टाळले. त्या दिवशी मला खरोखर आंधळे व्हावेसे वाटले.

आता ती याच इमारतीत बाई म्हणून शिकवते. चौपट वेळ, असेच शिकवते. माझ्या भिंगांवर बुरशी चढू लागली आहे.

मित्रांनो, पूर्ण दिसेनासे होण्याआधी कोणीतरी माझी भिंगे पुसा. एक जिवंत पेशी माझ्याखाली ठेवा आणि घाई न करता तासभर बघा. जे दिसेल ते खोडू नका. मग बाईंकडे जा. त्या म्हणतील, ते यंत्र सदोष आहे. तेव्हा त्यांना एवढेच विचारा, “बाई, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”